कुंगफूचा तो व्हिडिओ खरा की खोटा? एकही लाथ वाया न घालवणाऱ्या ‘टास’ची गोष्ट समजून घ्या

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना तो गेम नक्की आठवत असेल. टीव्हीला वायर लावायची, कॅसेट खोचायची, यादीतून मारिओ, कॉन्ट्रा किंवा ‘कुंगफू’ निवडायचा. घरी व्हिडिओ गेम नसेल तर सुटीत तासाच्या भाड्याने खेळायचा. कुंगफूमध्ये पाच मजल्यांची इमारत, समोरून आणि मागून धावत येणारी माणसं, आणि शेवटी कैद केलेली मुलगी. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर बहुतेकांचा खेळ आटपायचा.

आता त्याच गेमचे व्हिडिओ मोबाईलवर दिसतात. त्यात खेळणारा कुठेच चुकत नाही. शत्रू जवळ येण्याआधीच लाथ निघालेली असते. मजल्यावरचा मुख्य पहिलवान काही क्षणांत आडवा होतो. खाली कुणीतरी लिहितं, ‘काय हात आहे राव!’ दुसरा लिहितो, ‘फेक आहे, एडिट केलंय.’ मग तिथेच भांडण सुरू.

खरं सांगायचं तर असे बरेच व्हिडिओ या दोन्हींपैकी काहीच नसतात. ते कुणी एका दमात खेळलेले नसतात, आणि चित्रात कापाकापीही केलेली नसते. या प्रकाराला ‘टूल असिस्टेड स्पीडरन’ म्हणतात, थोडक्यात ‘टास’. म्हणजे अवजारांच्या मदतीने, शक्य तितक्या कमी वेळात पूर्ण केलेला गेम. तो कसा बनतो, त्यात लबाडी कधी होते आणि कधी होत नाही, ते आज समजून घेऊ.

आधी गेमची ओळख

आपण त्याला सरसकट ‘कराटेचा गेम’ म्हणायचो. पण कराटे जपानच्या ओकिनावा बेटांतून आलं, कुंगफू चीनचं. हा गेम जपानच्या आयरेम कंपनीने १९८४ मध्ये आधी नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनसाठी काढला. १९८५ मध्ये निंटेंडोने तो आपल्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आणला. आपल्याकडे जे स्वस्त व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला होत्या.

जपानमध्ये गेमचं नाव होतं ‘स्पार्टन एक्स’. जॅकी चॅनचा १९८४ चा एक सिनेमा जपानमध्ये याच नावाने लागला होता. गेममधला नायक थॉमस आणि पळवलेली सिल्व्हिया ही नावं त्याच सिनेमातली. मजल्यामागून मजला चढत लढायची कल्पना ब्रूस लीच्या ‘गेम ऑफ डेथ’ची आठवण करून देते. गेम बनवणारे ताकाशी निशियामा यांनी पुढे १९८७ चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ केला.

खेळ साधा आहे. पहिल्या मजल्यावर डावीकडे चालत जायचं, दुसऱ्यावर उजवीकडे, असं आलटून पालटून. वरचं बटण दाबलं की उडी, खालचं दाबलं की बसायचं. एका बटणाने ठोसा, दुसऱ्याने लाथ. काही माणसं येऊन मिठी मारतात, मग ताकद घटत जाते आणि डावं-उजवं पटापट दाबून त्यांना झटकावं लागतं. काही जण चाकू फेकतात. प्रत्येक मजल्याच्या शेवटी एक पहिलवान जिन्याची वाट अडवून उभा.

टास म्हणजे नेमकं काय?

टीव्हीवरचं चित्र हलताना दिसतं, पण प्रत्यक्षात ती एकामागून एक येणारी स्थिर चित्रं असतात. अशा एका चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. जपान-अमेरिकेतल्या फॅमिकॉमवर सेकंदाला साधारण ६० फ्रेम येतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर हाच आकडा ५० आहे.

आता हातातला रिमोट आठवा. वर, खाली, डावं, उजवं, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट अशी एकूण आठ बटणं. प्रत्येक बटण दाबलेलं किंवा न दाबलेलं. म्हणजे एका फ्रेममध्ये बटणांच्या एकूण २५६ जोडण्या होऊ शकतात. गेमला बाहेरच्या जगातलं फक्त एवढंच कळतं. खेळणारा दहा वर्षांचा आहे की चाळीसचा, तो दमलाय की ताजा, हे गेमला माहीत नसतं. कोणत्या फ्रेमला कोणतं बटण दाबलं होतं, बस.

आणि हे यंत्र फार प्रामाणिक आहे. चालू केल्यापासून त्याच फ्रेमला तीच बटणं दाबली तर दर वेळी तोच खेळ होतो. शत्रू त्याच जागी येतो, चाकू त्याच उंचीवर येतो. यात तसूभर फरक पडत नाही.

टास बनवणारा माणूस याचाच फायदा घेतो. तो गेम खेळत नाही, तो बटणांची यादी लिहितो. एका फ्रेमला एक ओळ. ओळीत आठ जागा. बटण दाबलं असेल तर त्या जागी अक्षर, नसेल तर टिंब. एका मिनिटाच्या खेळाला ३,६०० ओळी होतात, पाच मिनिटांच्या खेळाला १८,०००. या यादीच्या फाइलला ते लोक ‘मूव्ही’ म्हणतात, पण त्यात चित्र नसतंच. ती फाइल गेमला दिली की गेम स्वतःच तो सगळा खेळ पुन्हा उभा करतो. आपण पाहतो तो व्हिडिओ म्हणजे त्या खेळाचं फक्त रेकॉर्डिंग.

अवजारं कोणती?

पहिलं अवजार म्हणजे इम्युलेटर. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा हा संगणकावरचा प्रोग्राम. फॅमिकॉमसाठी ‘एफसीईयूएक्स’ आणि बऱ्याच यंत्रांसाठी ‘बिझहॉक’ हे दोन प्रसिद्ध आहेत. दोन्ही फुकट आहेत. मोबाईलवर गेम खेळता येतो, पण टास बनवायला लॅपटॉप किंवा संगणकच लागतो.

दुसरं, फ्रेम पुढे सरकवणं. एक कळ दाबली की गेम फक्त एक फ्रेम पुढे जातो आणि थांबतो. मग निवांत विचार करायचा, चहा प्यायचा, बटण ठरवायचं, पुढची फ्रेम.

तिसरं, सेव्हस्टेट. म्हणजे त्या क्षणी यंत्रात जे काही आहे ते सगळं जसंच्या तसं साठवून ठेवणं. पुढे चूक झाली की एका कळीवर मागे. अशा प्रत्येक वेळी मागे जाऊन पुन्हा रेकॉर्ड करण्याची मोजणी फाइलमध्ये होत राहते. हा आकडा हजारांत जाणं अगदी नेहमीचं.

चौथं, मेमरीवर नजर. फॅमिकॉमची कामाची मेमरी फक्त २,०४८ बाइट. नायक कुठे उभा आहे, ताकद किती उरली, पहिलवानाला किती मार बसलाय, हे सगळं त्यातच आकड्यांच्या रूपात असतं. तो आकडा कुठे आहे हे शोधायची युक्ती सोपी आहे. आधी सगळे आकडे टिपून ठेवायचे. पहिलवानाला एक ठोसा मारायचा. मग प्रोग्रामला सांगायचं, ‘आता जे आकडे कमी झाले तेवढेच दाखव.’ पुन्हा ठोसा, पुन्हा गाळणी. काही वेळातच दोन हजारांमधून दोन-चार आकडे उरतात. धान्य चाळणीतून काढावं तसं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं?

समजा कुंगफूचा पहिला मजला घेतला.

सुरुवातीला तो साध्या वेगाने खेळायचा आणि वेळ कुठे जातो ते पाहायचं. चालण्याचा वेग ठरलेला आहे, तो वाढवता येत नाही. म्हणजे वेळ जातो तो थांबण्यात. जमिनीवर उभं राहून लाथ मारली की तेवढ्या फ्रेम नायक जागेवर थांबतो. मिठी बसली की आणखी थांबतो. पण उडी मारून लाथ मारली तर पुढे जाता जाता मारता येतं. मग प्रश्न असा उरतो की कुणाला उडीत मारायचं, कुणाला उभ्याने, आणि कुणाला टाळायचं?

याचं उत्तर अंदाजाने मिळत नाही, करून पाहावं लागतं. समजा एका जागी सेव्हस्टेट ठेवला. ४१० व्या फ्रेमला लाथ मारून पाहिली. पुढच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचलो ९०२ व्या फ्रेमला. मागे आलो. ४११ ला मारली, पोचलो ९०२ लाच. ४१२ ला मारली, पोचलो ८९९ ला. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण पद्धत हीच. इथे तीन फ्रेम वाचल्या, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. डोळ्याला दिसणारही नाही. पण टास अशाच चिल्लरीतून उभा राहतो.

ताकद हाही एक हिशेब आहे. घरी खेळताना आपण ताकद जपायचो. टास बनवणारा ती खर्च करतो. मार खाल्ल्याने वेळ वाचत असेल तर तो मुद्दाम मार खातो. मजला संपताना नायक जिवंत असला की झालं. शिल्लक ताकदीचा त्याला उपयोग नाही. उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी कोणत्या पिकाला द्यायचं आणि कोणतं सोडायचं, तसाच हा हिशेब.

मग येतं नशीब. पुढचा शत्रू कुठून येईल, चाकू वर येईल की खाली, हे खेळताना नशिबावर आहे असं वाटतं. पण जुन्या गेममध्ये खरे फासे नसतात. मेमरीतल्या आकड्यांवरून गणित करून ‘नशीब’ काढलं जातं. त्यामुळे अनेक गेममध्ये एखादी फ्रेम उशिरा पाऊल टाकलं किंवा एखादं बिनकामाचं बटण दाबलं, तरी गणिताचं उत्तर बदलतं आणि वेगळा शत्रू समोर येतो. टास बनवणारा हवं ते उत्तर येईपर्यंत वेगवेगळे प्रयत्न करतो. यात गेमच्या प्रोग्रामला हात लावलेला नसतो. फक्त बटणं, तीही रिमोटवर दाबता येतील तीच.

आणखी एक अडचण म्हणजे ‘लॅग’. पडद्यावर गर्दी झाली की बिचाऱ्या यंत्राला एका फ्रेमच्या वेळात सगळं काम उरकत नाही. मग ती फ्रेम वाया जाते. अशा वेळी शत्रू टाळण्यापेक्षा आडवा करून गर्दी कमी करणं कधी कधी फायद्याचं ठरतं.

सगळ्यात त्रासाची गोष्ट तर पुढेच आहे. समजा चार मजले झाले, महिनाभर काम झालं, आणि मग लक्षात आलं की पहिल्या मजल्यावर अजून दोन फ्रेम वाचतात. तिथे बदल केला की पुढचं सगळं हलतं. शत्रू वेगळ्या जागी येतात आणि आधी लिहिलेली लाथ हवेत जाते. याला ‘डीसिंक’ म्हणतात. मग तिथून पुढे पुन्हा नव्याने. दोन फ्रेमसाठी चार मजले मोडायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बरेच जण मोडतात.

मग ही लबाडी नाही का?

इथे खरा मुद्दा येतो.

२००३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ चा एक व्हिडिओ इंटरनेटवर पसरला. मोरिमोतो नावाच्या जपानी खेळाडूने जवळपास ११ मिनिटांत अख्खा गेम संपवला होता. जगभर लोकांनी तोंडात बोटं घातली. अनेकांना वाटलं की माणसाने हाताने खेळून दाखवलंय. तो इम्युलेटरवर, मागे-पुढे करत बनवलेला आहे हे कळल्यावर तेच लोक चिडले. मोरिमोतोने आपली पद्धत लपवली नव्हती. पण व्हिडिओ एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना ती माहिती मागे राहिली. आज व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होताना जे होतं, तेच तेव्हा झालं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फिनलंडच्या जोएल यिलिलुओमा यांनी अशा व्हिडिओंसाठी वेगळी जागा सुरू केली. तीच आज ‘टासव्हिडिओज’ नावाने ओळखली जाते. ‘टूल असिस्टेड’ हा शब्द त्याच्याही आधीचा, १९९९ चा. ‘डूम’ हा गेम हळू वेगाने खेळून रेकॉर्ड करणाऱ्यांनी तो वापरात आणला. तेव्हापासून नियम सरळ आहे. हाताने खेळलेला विक्रम वेगळा, टास वेगळा. दोघांची स्पर्धा नाही. टासवर ‘टास’ असं स्पष्ट लिहायचं आणि बटणांची फाइल सगळ्यांना द्यायची. कुणीही ती स्वतःच्या संगणकावर चालवून पडताळून पाहावी.

म्हणजे अवजारं वापरणं ही लबाडी नाही. अवजारं वापरून ‘हाताने केलं’ असं सांगणं ही लबाडी.

अवजारांनीच खोटा विक्रम पकडला

याच अवजारांचा उलटा उपयोगही झालाय. ‘ड्रॅगस्टर’ नावाचा १९८० चा एक गाडीचा गेम आहे. त्यात टॉड रॉजर्स यांच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. पस्तीस वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. पुढे एरिक कोझील यांनी त्या गेमचा प्रोग्राम उलगडून बटणांच्या सगळ्या शक्यता तपासल्या. निष्कर्ष असा निघाला की त्या गेममध्ये ५.५७ पेक्षा कमी वेळ येऊच शकत नाही. हाताने नाही आणि यंत्रानेही नाही. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलॅक्सीज या विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने रॉजर्स यांचे विक्रम यादीतून काढून टाकले.

चांगली बाजूही आहे. अमेरिकेत दर हिवाळ्यात गेम खेळून कॅन्सर प्रतिबंधासाठी देणग्या गोळा करण्याचा मोठा कार्यक्रम होतो. २०१४ मध्ये तिथे ‘टासबॉट’ नावाच्या यंत्राने खऱ्याखुऱ्या जुन्या गेमला रिमोटच्या वायरमधून बटणांची यादी पाठवली आणि ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ या गेमच्या आतच दुसरे छोटे गेम चालवून दाखवले. लोकांसमोर, खऱ्या यंत्रावर, सगळं सांगून.

व्हिडिओ पाहताना काय ओळखायचं?

- शीर्षकात किंवा माहितीत ‘टास’ लिहिलंय का ते आधी पाहा. लिहिलं असेल तर वादच मिटला.
- बटण किती वेगाने दाबलं जातंय ते पाहा. टासमध्ये एक फ्रेम सोडून एक असं सेकंदाला ३० वेळा बटण दाबता येतं. माणसाच्या अंगठ्याला तेवढा वेग टिकवता येत नाही.
- शत्रू पडद्यावर यायच्या आधीच नायक त्याच्यासाठी तयार होतो का? दर वेळी नशीब साथ देतंय का? अशी खूण एकदा दिसली तर योगायोग, पण प्रत्येक मजल्यावर दिसली तर तो टास असण्याची शक्यता मोठी.
- हाताने केलेल्या विक्रमाचा दावा असेल तर हात आणि पडदा एकत्र दिसणारं सलग रेकॉर्डिंग आहे का ते पाहा.
- ‘असा गेम खेळायचं ॲप घ्या, एवढे पैसे भरा’ असं कुणी म्हणत असेल तर तिथेच थांबा. टासची खरी अवजारं फुकट असतात. अनोळखी लिंकवरची ‘हॅक’ ॲप फोनमध्ये घेऊ नका. त्याच फोनमध्ये तुमचं बँकेचं ॲप असतं.

स्वतः करून पाहायचंय?

घरात जुना लॅपटॉप असेल तरी चालतो. फॅमिकॉमची नक्कल करायला भारी मशीन लागत नाही. इम्युलेटर त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. एक गोष्ट लक्षात ठेवा. इम्युलेटर कायदेशीर आहे, पण गेमच्या फाइलवर कंपनीचा कॉपीराइट असतो. कुठूनही उतरवलेली गेमची फाइल कायद्यात बसत नाही. जुन्या यंत्रांसाठी आजही काही हौशी मंडळी नवे गेम बनवतात आणि फुकट वाटायला परवानगी देतात. शिकायला तेच बरे.

सुरुवात अख्ख्या गेमने करू नका. फक्त पहिला टप्पा घ्या. आधी साधा खेळून वेळ लिहून ठेवा. मग एक फ्रेम, एक बटण असं करत तोच टप्पा पुन्हा लिहा. काय बदललं आणि किती फ्रेम वाचल्या, हे वहीत नोंदवत जा. पहिल्याच दिवशी पन्नास-शंभर फ्रेम वाचल्या तर नवल नाही. त्यानंतरची एक-एक फ्रेम मात्र घाम काढते.

बारावीचा पोरगा दिवसभर गेमपुढे बसला तर घरचे ओरडणारच, आणि ते बरोबरच आहे. पण या कामात तो मेमरी कशी चालते, आकडे कसे गाळायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलून निकाल कसा तपासायचा, हे शिकतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आणि प्रयोग करणाऱ्याला हेच लागतं. तेव्हा तो काय करतोय ते एकदा शेजारी बसून बघा. नुसता खेळतोय की वहीत काही लिहितोय, यावरून फरक कळेल.

आणि पुढच्या वेळी गावच्या ग्रुपवर कुंगफूचा तसा व्हिडिओ आला तर ‘फेक आहे’ म्हणून मोकळे होऊ नका, आणि ‘काय हात आहे’ म्हणून फॉरवर्डही करू नका. खाली एक ओळ लिहा, ‘हा टास आहे, फ्रेम-फ्रेम बसवून बनवलेला.’ २००३ मध्ये जगभर जे भांडण झालं, ते एवढी एक ओळ सोबत गेली असती तर झालंच नसतं.